स्टेपनीच्या जागी डबा

रोज सकाळी सामायिक, म्हणजे आमच्या जैन घरातली ध्यानाची बैठक, झाली की माझे आजोबा लाटणं घेऊन अंगणात यायचे. लाटणं स्वयंपाकघरातलं नव्हतं. दुकानाच्या मालातून निघालेलं, एका टोकाला चीर गेलेलं, म्हणून गिऱ्हाइकाला कधी न दाखवलेलं. ते घेऊन ते गाडीभोवती एक फेरी मारायचे, चारही चाकांवर एकेक ठोका द्यायचे आणि मान जराशी तिरकी करून आवाज ऐकायचे. मग डिकी उघडून आतली फळी उचलायचे आणि खाली आडव्या पडलेल्या स्टेपनीलाही तसाच एक ठोका. "आहे," असं स्वतःशीच म्हणून ते डिकी लावायचे.

शेजारच्या सुनंदाबाई कुंपणापलीकडून विचारायच्या, "काय शेठ, आज पोळ्या किती झाल्या?"

"पाच," आजोबा म्हणायचे. "पाचही फुगल्या."

हा विनोद त्या दोघांमध्ये इतकी वर्षं चालला होता, की हसायचं कुणालाच आठवत नसे. ज्या दिवशी सुनंदाबाई विचारायच्या नाहीत, त्या दिवशी आजोबा कुंपणाकडे बघत थोडे रेंगाळायचे.

जळगावात आमचं भांड्यांचं दुकान. आजोबांचं नाव उत्तमचंद. बाजारात सगळे उत्तमशेठ म्हणत. वाजवून बघणं हा त्यांचा धंदा होता आणि स्वभावही. पितळेच्या घागरीवर बोटाचं पेर मारलं की तिचा पत्रा कुठे पातळ आहे, सांध्याची झाळ कुठे कच्ची आहे, हे ते सांगायचे. गिऱ्हाइकाने भाव विचारला की म्हणायचे, "आधी वाजवा, मग बोला." बायका लाजत लाजत घागर वाजवायच्या. त्यांना त्यातलं काही कळायचं असं नाही, पण वाजवून घेतलेल्या वस्तूची तक्रार घेऊन पुन्हा कुणी येत नसे. आजोबा टरबूज वाजवून घ्यायचे, खाटेचं लाकूड वाजवून घ्यायचे. मी एम.ए. झाले त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या कपाळावर हळूच टिचकी मारली आणि म्हणाले, "भरलेलं वाटतंय."

चाकं वाजवायला मात्र त्यांना लोटनने शिकवलं. दुकान होण्याआधी आजोबा आठवडे बाजार करायचे. जामनेर, मुक्ताईनगर, आणखी दोन-चार गावं, आणि शेवटी शिंदखेडा. भाड्याच्या मॅटाडोरमध्ये भांडी भरायची, लोटन गाडी चालवणार, आजोबा शेजारी बसणार. एकदा भर उन्हात चाक बसलं आणि स्टेपनी काढून बघतात तर तिच्यातही हवा नाही. लोटन खाली मान घालून म्हणाला होता, "पाचवं चाक झोपेल ऱ्हास शेठ. तेले रोज उठाडनं पडस." झोपलेल्या चाकाला रोज उठवावं लागतं. त्या दिवशी दोघं टपावरच्या भांड्यांच्या सावलीत बसून राहिले. त्यानंतर रोज सकाळी ठोका सुरू झाला. मॅटाडोर गेली, लोटन म्हातारा होऊन गावी परतला, पुढे आमच्या घरी स्वतःची गाडी आली, तरी ठोका चालूच राहिला.

शिंदखेड्याचा बाजार त्यांना परवडत नव्हता. इतक्या लांब जाऊन जेमतेम डिझेल सुटायचं. पण तिथे त्यांची धाकटी बहीण चंद्रकांता दिलेली होती. आम्ही तिला भुवाजी म्हणतो. बाजाराच्या दिवशी दुपारी भुवाजी डोक्यावर पदर घेऊन त्यांच्या पालाशी यायची, डबा ठेवायची, आणि गिऱ्हाईक असल्यासारखी एखादी वाटी वाजवत बसायची. सासरी कुणी काही म्हणू नये म्हणून जाताना चमचा नाहीतर गाळणं विकत घ्यायची, रोख पैसे देऊन. तिच्या घरात इतकी गाळणी झाली होती, की सासू म्हणे, "या बाईला चहाचं वेड आहे का भावाचं?"

जळगावचं दुकान झालं आणि बाजार बंद झाले. मग दर आठवड्याची भेट सणावारावर आली. आजोबा हे कधी बोलून दाखवत नसत. एकदाच म्हणाले होते, "दुकानाला पाया लागतो, पण पायांना दुकान लागलं की संपलं."

मागच्याच्या मागच्या वर्षी भुवाजीने वर्षीतप धरलं. एक दिवस उपवास, एक दिवस जेवण, असं वर्षभराहून अधिक. उपवासाच्या दिवशी फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य मावळेपर्यंत. अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसाने पारणं. खानदेशात त्याच दिवशी आखाजी. गावोगाव लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधले जातात. भुवाजीचं माहेर म्हणजे आता एकटे आजोबाच उरले होते. तप सुरू केलं त्याच दिवशी तिने फोनवर सांगून टाकलं.

"भाईसा, पारणं तुझ्या हातून. दुसऱ्या कुणाच्या हाताकडे मी बघणार पण नाही."

"आणि रस आंबट निघाला तर?"

"तर तुझ्या डोक्यावर ओतीन. टक्कल आहे, चिकटणार नाही."

आजोबा फोन ठेवूनही हसत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातल्या पितळी लोट्या एकेक करून वाजवायला घेतल्या. भुवाजीच्या रसासाठी एक निवडायची होती. दुपारपर्यंत ती सापडली नाही. संध्याकाळी सापडली, तेव्हा त्यांनी मला बोलावून ऐकवलं. ठोक्यानंतर तिचा आवाज हवेत बराच वेळ टिकून राहत होता.

त्याच वर्षी दसऱ्याला जुनी गाडी देऊन नवी घ्यायची ठरली. मी आणि पप्पा त्यांच्याबरोबर शोरूममध्ये गेलो. एकाच गाडीचे दोन प्रकार होते. पेट्रोलच्या गाडीत स्टेपनी होती. सीएनजीच्या गाडीत टाकी डिकीच्या फळीखाली बसवलेली, त्यामुळे स्टेपनीला जागाच नव्हती. तिच्याऐवजी एक डबा मिळत होता: हवा भरायचं छोटं यंत्र, नळी आणि पांढऱ्या चिकट द्रवाची बाटली. तिथला भूषण नावाचा मुलगा सगळं नीट समजावून सांगत होता. खिळा गेला तर हा द्रव आत सोडायचा, हवा भरायची, आणि सावकाश जवळच्या दुकानापर्यंत जायचं. टायर बाजूने फाटलं तर मात्र याचा उपयोग नाही, हेही तो म्हणाला. मी ऐकलं. आजोबांनीही ऐकलं असेल, पण तेव्हा ते डिकीत वाकून हाताने वीत-वीत मोजत होते.

"इथे लोट्यांचे खोके किती बसतील?" त्यांनी विचारलं.

पारण्याला आलेल्या प्रत्येकाला भेट द्यायची, तिला प्रभावना म्हणतात. आजोबांच्या मनात पितळी लोट्या होत्या. पेट्रोलच्या गाडीची डिकी लहान दिसत होती, हिची मोकळी.

घरी दादीने, म्हणजे माझ्या आजीने, विरोध केला. "पाहुणा येवो न येवो, घरात एक गादी जास्तीची ठेवतो ना आपण? मग गाडीला का नको?"

"तुझी गादी माळ्यावर असते. ही माझ्या डिकीत झोपते."

"आणि चाक बसल्यावर तुम्ही कुठे झोपाल?"

"अगं, स्टेपनी असली तरी ती बदलणार कोण? माझे गुडघे?"

हे खरंच होतं. त्यांच्या गुडघ्यांना खाली बसवत नसे. डब्याचं त्यांना कौतुकही वाटलं असावं. जेवणाच्या डब्याएवढ्या वस्तूत आख्खं चाक मावलं, असं त्यांनी दुकानात दोघा-तिघांना सांगितलं. गाडी घरी आली तेव्हा त्यांनी डब्यावर बोटाचं पेर मारलं. प्लास्टिकचा बोदा आवाज आला. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "याला गळाच नाही." आणि तरी ठेवून घेतला. जन्मभर वाजवून घेणाऱ्या माणसाने, आवाज न कळता घेतलेली बहुधा ती एकच वस्तू.

रोजचा ठोका चालू राहिला, पण आता चारच. सवयीने डिकी उघडायची, फळीकडे हात जायचा आणि मागे यायचा.

"आज किती पोळ्या, शेठ?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"चार. पाचवीचं पीठ डब्यात आहे."

आखाजीच्या आदल्या दिवशी दादी, मम्मी-पप्पा शिंदखेड्याला गेले. आजोबा थांबले. मुहूर्ताच्या दिवशी दुकानाचं शटर मालकाच्या हाताने उघडायचं, एक बोहणी करायची आणि मग कुठेही जायचं, हा त्यांचा नेम होता. दादी जाता जाता म्हणाली, "या एका वर्षी शटर कोणीही उघडेल. पारणं कोणीही करणार नाही." ते म्हणाले, "साडेदहाला साध्वींचं मांगलिक, मग पारणं. मी त्याआधी तिथे असेन." त्यांच्याबरोबर जायला मी मागे राहिले.

सकाळी शटर उघडलं. पहिली बाई लेकीच्या लग्नासाठी घागर घ्यायला आली होती, आणि आजोबांनी तिला घाई केली नाही. तिने चार घागरी वाजवल्या. ते प्रत्येकीबरोबर मान हलवत होते. मग आम्ही निघालो. डिकी खोक्यांनी गच्च, आणि ती निवडलेली लोटी धुतलेल्या रुमालात गुंडाळून माझ्या मांडीवर. धरणगाव, अमळनेर मागे टाकलं तेव्हाही हातात पुरेसा वेळ होता. आजोबा स्वतः गाडी चालवत होते आणि खुशीत होते. रस्त्याकडेच्या लिंबांना झोके लागले होते. एका झोक्यावर तीन बायका एकदम बसलेल्या बघून ते म्हणाले, "चंदा असं बसायची. फांदी मोडेपर्यंत उतरायची नाही."

अमळनेरच्या पुढे रस्ता अरुंद होता. समोरून बायका-पोरांनी भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली आली. गाणी चालली होती. तिला जागा द्यायला आजोबांनी गाडी डांबराखाली घेतली आणि डाव्या बाजूला काहीतरी कचकन लागलं. खडीतला धारदार दगड असावा. ट्रॉली गाणी म्हणत निघून गेली. आमचं चाक दोन-तीन फेऱ्यांत बसलं.

आजोबा उतरले, चाकाकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "रिद्धी, डबा काढ."

खोके उतरवल्याशिवाय डबा निघेना. आम्ही ते रस्त्याच्या कडेला रचले. बाटली लावली, नळी लावली, यंत्र सुरू केलं. ते घरघरायला लागलं. गुडघे दुखत असूनही आजोबा चाकाशेजारी एका खोक्यावर बसले आणि यंत्रावरच्या काट्याकडे बघत राहिले. काटा चढला.

"बघ," ते म्हणाले. "चढतोय."

तेवढ्यात मागून एसटी आली. ड्रायव्हरने गाडी हळू केली, कंडक्टरने दारातून वाकून विचारलं, "काय व्हयनं शेठ? पंचर का?"

"हो, व्हई जाई आत्ता," आजोबा म्हणाले.

"शिंदखेडानी गाडी शे. बसा ना. सामान टाका मागे."

मी म्हटलं, "दादाजी, जाऊ या ना आपण. गाडी कुलूप लावून ठेवू. पप्पा येऊन बघतील."

त्यांनी एकदा बसकडे बघितलं, एकदा रचलेल्या खोक्यांकडे, आणि मग पुन्हा काट्याकडे. काटा खरोखरच चढत होता. त्यांच्या हातात नळी होती. त्यांच्या चेहऱ्यावर मी दुकानात पुष्कळदा पाहिलेला भाव होता. एखाद्या वस्तूबद्दल गिऱ्हाईक शंका घेतं, आणि ते काही न बोलता ती वाजवून दाखवतात, तेव्हाचा.

"गाडी सोडून कसा येऊ?" ते कंडक्टरला म्हणाले. "होतंच आहे. तुम्ही चाला पुढे."

"बघा हं. यानंतरनी दुपारले शे."

"चाला, चाला. आखाजी शे, तुम्हाले बी घर जानं शे."

कंडक्टर हसला, घंटी वाजली, बस गेली. तिची धूळ खाली बसायच्या आत पप्पांचा फोन आला. कुठे आहात, न्यायला येऊ का? आजोबांनी माझ्याकडून फोन घेतला. "नको, तू तिथेच थांब. बस, आता निघतोच." त्यांनी यंत्र बंद केलं, आणि त्या शांततेत आम्हाला दोघांनाही तो आवाज ऐकू आला. बारीक, सरळ, न थांबणारा. मी वाकून चाक बघितलं. टायरच्या बाजूला बोटभर चीर होती आणि तिच्यातून पांढरं पाणी मातीत गळत होतं.

त्यांनी चिरेवर अंगठा दाबून धरला. "पुन्हा लाव," म्हणाले. मी पुन्हा लावलं. काटा चढला, उतरला. उरलेली बाटलीही त्यांनी रिकामी केली. जवळच्या फाट्यावर पंक्चरचं दुकान होतं. मी तिथवर चालत गेले. ते बंद होतं, आणि मालक शेजारच्या लिंबाखाली पत्त्यांच्या डावात बसला होता. "ताई, आखाजीले कोनी हत्यार धरत नई," तो पत्ते खाली न ठेवता म्हणाला. मग माझ्याकडे नीट बघून त्याने डाव खाली ठेवला, चिरेची हकीकत ऐकली आणि म्हणाला, "ते नवं टायरच लागी."

मी परत आले तेव्हा आजोबांच्या बाह्या, हात, धोतराचा काठ, सगळं पांढरं झालं होतं. तोपर्यंत साडेदहा होऊन गेले होते. मी पप्पांना फोन केला. आजोबांनी रिकामी बाटली डब्यात परत ठेवली. मग म्हणाले, "लोटी सावलीत ठेव. पितळ तापतं."

शिंदखेड्याला काय झालं, ते आम्हाला नंतर दादीकडून कळलं. साध्वी महासतीजींनी मांगलिक म्हणून आशीर्वाद दिला, थोडा वेळ वाट बघितली. भुवाजी पाटावर बसून होती. शेवटचे दोन दिवस तिने सलग उपवास केला होता. सगळे म्हणत होते, घ्या आता. ती म्हणत होती, येईल तो. भाऊ नसला तर भावाचा मुलगा चालतो, म्हणून लोकांनी पप्पांना शोधलं. पण पप्पा तोवर आम्हाला आणायला निघाले होते. पहिल्या फोनवर आजोबांनी हो म्हटलं असतं, तर ते आम्हाला घेऊन पोचले असते. अजिबात बोलावलं नसतं, तर ते तिथे हजर असते.

भुवाजीला घेरी आली. दादीने तिची पाठ धरली. समोर नवल पाटील उभे होते. ऊस त्यांच्या मळ्यातला, रस त्यांनी स्वतः काढून आणलेला. भुवाजीला ते पहिल्यापासून अक्का म्हणायचे. तिने डोळे उघडले आणि हात पुढे केला.

"नवल, दे."

"अक्का, शेठ येतीन ना."

"येईल. तो येईलच. तू दे."

नवलभाऊंनी पेला धरला. दोन्ही हातांनी, असं दादी म्हणाली.

आम्ही पोचलो तेव्हा मांडवातल्या खुर्च्या निम्म्या रिकाम्या झाल्या होत्या. आजोबा पप्पांच्या आधी उतरले आणि रुमालातून लोटी काढत आत गेले. भुवाजी खाटेवर पडली होती. ओठ ओले होते. आजोबांना ते दिसलं. ते दारातच थांबले, लोटी दोन्ही हातांत धरून.

"आलास?" ती म्हणाली. "किती पांढरा झालास रे. पीठ मळत होतास का?"

ते तिच्याजवळ बसले. नवलभाऊंनी पातेल्यातला रस लोटीत ओतला. आजोबांनी ती तिच्या ओठांना लावली आणि तिने दोन घोट घेतले. मग म्हणाली, "गोड आहे. तुझं डोकं वाचलं." सगळे हसले. आजोबाही हसले. पण पारणं एकदाच होतं. पहिला घोट तो पारण्याचा, त्यानंतरचा नुसता रस, हे तिलाही माहीत होतं आणि त्यांनाही.

आम्ही निघताना भुवाजी म्हणाली, "मी पुढचं वर्षीतप धरतेय. तेव्हा ये वेळेवर." डॉक्टर नको म्हणत होते, घरचे नको म्हणत होते. तिने धरलं.

परत आल्यावर आठवड्याच्या आत आजोबांनी रिमसकट नवं चाक आणलं. या गाडीत ते बसायची सोय नव्हती, म्हणून डिकीत आडवं टाकलं. त्याने सगळी डिकी खाल्ली. बाजारातून काही आणायचं तर ते मागच्या सीटवर, नाहीतर माणसांच्या मांडीवर. दादी एकदाही "मी म्हटलं होतं" असं म्हणाली नाही. वाटल्या न गेलेल्या लोट्यांचे खोके दुकानाच्या माळ्यावर गेले. शिंदखेड्याकडचं कुणी दुकानात आलं, की आजोबा एक लोटी काढून त्याच्या पिशवीत घालत.

पुढच्या आखाजीची तयारी त्यांनी दिवाळीतच सुरू केली. "आदल्या दिवशी रेल्वेने जाईन," ते म्हणायचे. "शटर पुनीत उघडेल." पुनीत म्हणजे माझे पप्पा. इतक्या वर्षांत शटर उघडायला त्यांनी पहिल्यांदाच दुसऱ्याचं नाव घेतलं होतं. रोज सकाळी पाच ठोके पुन्हा सुरू झाले. पाचवा जरा जोरात असायचा.

पौषात एका सकाळी भुवाजी उठली नाही. उपवासाचा दिवस होता. उकळून गार केलेल्या पाण्याचं भांडं उशाशी झाकून ठेवलेलं होतं.

आम्ही शिंदखेड्याला गेलो, तेव्हा आजोबा गाडीत पुढे बसले होते. अमळनेरच्या पुढे ती जागा आली. मातीवर आता कशाचीच खूण नव्हती. त्यांनी काच खाली केली, तेवढंच.

महिन्याभराने नवलभाऊ दुकानात आले. मी तेव्हा तिथेच होते. बराच वेळ ते एक पातेलं हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "शेठ, तो पेला मी धरना. मन्हं चुकनं का?"

"तुझं काय चुकलं?" आजोबा म्हणाले. "तू होतास म्हणून ती सुखानं प्यायली."

"तुमना हातनं पाहिजे व्हतं तिले."

"माझे हात त्या नळीत अडकले होते, नवल." त्याच्या हातातलं पातेलं काढून खाली ठेवत ते म्हणाले, "लोक म्हणतात डब्याने घात केला. डबा बिचारा काय करणार. त्याचं काम त्याने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. बस माझ्यासमोर उभी होती. दार उघडं होतं." मग त्यांनी माळ्यावरचा खोका उतरवायला सांगितला, एक लोटी काढली, आणि या खेपेला ती न वाजवता नवलभाऊंच्या हातात दिली.

त्यानंतर आखाजी आली तेव्हा त्यांनी दुकान उघडलंच नाही. पप्पा शटर उघडायला निघाले, तर म्हणाले, "असू दे." दिवसभर घरात बसून राहिले. दुपारी उसाचा रस मागवला, समोर ठेवला, आणि शेवटी मला पाजला.

पावसाळा सरताना ते गेले. दुकानातच, दुपारच्या वेळी, गल्ल्यामागच्या गादीवर टेकून. पप्पांना वाटलं, डोळा लागलाय. समोर एक गिऱ्हाईक घागर वाजवत होतं.

मी त्या दिवशी धुळ्याला होते. एका कॉलेजात मुलाखत होती. आजोबा मला स्वतः स्टँडवर सोडणार होते. सकाळी लाटणं घेऊन ते अंगणात आले. पहिलं चाक, दुसरं. तिसऱ्यावर ठोका बोदा आला. त्यांनी पुन्हा मारला, मान तिरकी केली. खिळा असावा, हवा निम्म्यावर आली होती. मी डिकीकडे बघितलं. चाक तिथे होतं, रोज उठवलेलं. सुनंदाबाई कुंपणापाशी उभ्या होत्या, पण त्यांनी काही विचारलं नाही. मी म्हटलं, "बदलून घेऊ या ना दादाजी, वेळ आहे अजून. पप्पांना हाक मारते."

त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षाला हात केला. माझी फाईल माझ्या हातात दिली.

"तू बसनं पुढे हो," ते म्हणाले. "गाडीचं मी बघतो."